कडेवरचं नाव

वसंतरावांच्या हातात पदक दिलं की ते आधी त्याच्या कडेवरून नख फिरवत. आणणारा उन्हातून आलाय, त्याला पाणी विचारावं, हे नंतर. कडेवर जवानाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. "माणूस खोटं बोलेल, धातू बोलणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सांगलीतल्या फ्लॅटमध्ये जमवलेल्या पदकांच्या काचेच्या कपाटापुढे उभे राहून "हा माझा नाईक, हे माझे सुभेदार" असं सांगताना त्यांची छाती फुगायची. स्वतःचा लष्कराशी संबंध एवढाच, की कॉलेजात एनसीसीच्या शिबिराला गेले आणि ताप आला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी परतले. मी त्यांचा शेजारी. माझ्याकडे गाडी असल्यामुळे गावोगाव हिंडायला मी त्यांना लागायचो.

कवठे महांकाळजवळच्या एका गावात लढाईला गेलेल्यांच्या नावांचा दगड वेशीपाशी बसवायचा होता. नावं तपासायचं काम वसंतरावांनी मागून घेतलं. तिथं तानूबाई नवऱ्याचं पदक पदराच्या गाठीत बांधून आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दगडावर त्याचं नाव यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

वसंतरावांनी भिंग लावलं. "गणपत माने. बरोबर?"

"न्हाई वो सायेब. ते आमच्या थोरल्या दिरांचं नाव. ह्यांचं वय बसत नव्हतं, म्हणून त्यांच्या शाळंच्या दाखल्यावर भरती झालतं. समद्या गावाला ठावं हाय."

"मग नवऱ्याचं नाव काय?"

तानूबाई पदर ओढून भिंतीकडं बघायला लागल्या. उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली बाई, ती परक्या पुरुषापुढे काय सांगणार? मी खुणावलं, पण वसंतरावांनी निकाल देऊन टाकला. बाईला नवऱ्याचं नावही सांगता येत नाही. पदक गणपतचं, तेव्हा लढाईही गणपतची. गाडीत मी म्हणालो, गावात कुणालाही विचारा. "गावगप्पा म्हणजे पुरावा नव्हे," ते म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले. मला त्यांच्या अकलेची कीव आली. सांगलीच्या तज्ज्ञापुढे बोलायचा सरपंचांनाही धीर झाला नाही.

अनावरणाला थोरल्या गणपतरावांना मंचावर बोलावून शाल घातली. ते गोंधळून माइकपाशी गेले.

"मी कवा गेलतो लढाईला? मी तवा म्हसरं राखत हुतो. धाकटा गेलता."

वसंतरावांनी माइक ओढून घेतला. "लढाईच्या धक्क्यानं काहींची स्मृती जाते," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना.

तेवढ्यात बायकांतून तानूबाई उठल्या.

"शंकर," त्या म्हणाल्या. "शंकर ज्ञानू माने. माजा मालक. त्यो गेलता."

शेजारच्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मला रडू आलं, ते सांगायला मला लाज नाही.

वसंतराव माझ्या कानाशी लागले, "पण कडेवर हे नाव नाही ना."

गावानं पुढच्याच आठवड्यात गणपतचं नाव खोडून तिथं शंकरचं कोरलं. छिन्नी लावा म्हणून मागं लागले ते गणपतरावच. वसंतराव अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, अडाणी लोकांनी चांगला दगड नासवला आणि एक झकास पदक हातचं गेलं. परवा मलकापुरात कुणाकडे पदकं आहेत कळल्यावर त्यांनी मला गाडी काढायला सांगितलं. मी म्हटलं, एसटीनं जा.