प्रस्तावातला मेहुणा

शाळा मला चौथीच्या पुढं सोसली नाही. पण तीर्थपुरीत माझ्या मांडवाखाली कार्य झालं न्हाई असं एक घर दाखवा, मी मिशी उतरवतो.

जालन्याची एक बियाण्यांची कंपनी दरवर्षी पेरणीच्या आधी आमच्याकडं शेतकरी मेळावा घेते. मांडव माझाच. जुने साहेब फोन करायचे, "काका, टाका मांडव." मी टाकायचो. ह्यात लिहिण्यासारखं काय होतं?

यंदा नवे साहेब आले. म्हणाले, प्रस्ताव पाठवा. सोबत प्रश्नांचा कागदही दिला. भोकरदनचा एक मांडववालाही प्रस्ताव देणार होता. काम गेलं तर त्याचा मांडव माझ्या दारासमोरच्या मैदानात उभा राहणार, आणि मला त्याच्या सावलीत बसून चहा प्यावा लागणार. त्यापरीस मी उन्हात मेलो असतो.

मंग लिहिला प्रस्ताव. आयुष्यात मी एकाच जातीचे छापील कागद मनापासून वाचले, ते म्हणजे लग्नपत्रिका. मांडववाल्याकडं त्या पोत्यानं येतात. त्याच धाटणीनं लिहिलं. वर गणपती. खाली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून मांडव टाकण्याचे योजिले आहे.' मंग आज्यापासून वंशावळ, भाऊबंद, सोयरे, व्यवस्थापक, आपले नम्र. मेहुण्याचं नाव ठळक, कारण बांबू-पडदे त्याच्या टेम्पोतून येतात, आणि बायकोचा थोरला भाऊ म्हटल्यावर ठळक करावंच लागतं. जालन्यात मस्तगडला जाऊन रंगीत छापून आणला अन् गावभर दाखवला. ज्याचं त्याचं नाव बघून जो तो खूश.

सून जालन्याला एका ऑफिसात प्रस्ताव लिहायचंच काम करते. रविवारी आली, वाचलं, अन् ओढणी तोंडाला लावली.

"मामा, त्यांनी काय काय विचारलंय ते वाचलं का?"

"वाचायचं काय? मला मांडव ठाऊक न्हाई का?"

"तुम्हाला ठाऊक आहे हो, त्यांना नाही. पाहुण्यानं पाणी मागितलं, अन् तुम्ही त्याला वंशावळ सांगून राह्यलात."

तिचं म्हणणं असं की जे विचारलं तेवढंच सांगायचं, विचारलंय त्याच क्रमानं. बायकांना आडोसा कुठं, लाईट गेली तर काय, पाऊस आला तर काय. मी लिहिलेलं 'उत्कृष्ट' तिनं सगळीकडून खोडलं. मी जेवायला उठलो न्हाई.

"उत्कृष्ट म्हणजे काय, मामा?"

"म्हणजे... पडत न्हाई."

"मग लिहा, पडत नाही. आणि का पडत नाही तेही लिहा."

शिकलेली माणसं कशी लिहितात ते बघावं म्हणून मी तिच्या ऑफिसचा एक प्रस्ताव मागितला. त्यात होतं, 'शाश्वत व सर्वसमावेशक जलउपलब्धता व्यवस्था.' मी विचारलं, हे काय असतं?

"पाण्याची टाकी."

"मंग टाकी का न्हाई लिहिली?"

"टाकी लिहिली की आमच्या साहेबांना वाटतं, आपण शिकलेलो नाही." तीच हसायला लागली. त्यानंतर मी जेवलो.

शेवटी ती नावांवर आली. ज्या नावाला काम न्हाई ते नाव बाहेर. आजा गेला, भाऊबंद गेले, मेहुणाही गेला. ही बातमी सांजच्या आत मेहुण्याच्या घरी पोचली. तो आला अन् पुढं ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला न्हाई. आमच्याकडं ही वकिलाच्या नोटिशीच्या वरची पायरी.

"दाजी, माझं नाव काढलं म्हणं."

"सगळ्यांचंच काढलं, पाव्हणं."

"सगळ्यांचं काढा ना! माझं कामून काढलं?"

"अहो, ही पत्रिका न्हाई."

"पत्रिका न्हाई तर गणपती कामून छापला होता? टेम्पो आता दुसऱ्याचा बघा."

त्या हंगामात दुसरा टेम्पो मिळणं म्हणजे उन्हाळ्यात नदी मिळणं. प्रस्ताव सुधारला आणि मांडवच आडवा झाला. सुनेनं तो प्रश्नांचा कागद पुन्हा वाचला अन् एका जागी बोट ठेवलं. वारा-पावसात रात्री-बेरात्री कुणाला बोलवायचं? एकाच जबाबदार माणसाचं नाव आणि फोन द्या.

"इथं घाला की त्यांना."

"त्यो? जबाबदार?"

"टेम्पो त्यांचा, दोर त्यांच्याकडं, घर रस्त्यावर. हे काम खरंच त्यांचं आहे, मामा."

मेहुण्याला कागद दाखवला. "एकच नाव?"

"एकच. बाकी सगळा मजकूर, अन् मधात तुमी एकटे."

मंग त्यानं दोन कप चहा घेतला.

तवापासून मोबाईल त्याच्या छातीवर. आंघोळीला जाताना पिशवीत बांधून नेई. एका पहाटे नव्या साहेबांनी दोन्ही मांडववाल्यांनी दिलेले नंबर लावून बघितले. त्यांनीच नंतर हसत सांगितलं की भोकरदनचा फोन नुसता वाजत राहिला, अन् आमच्याकडून पहिल्याच घंटीला आवाज आला, "बोला साहेब, वारा सुटला का? निघालोच!"

मांडव माझा उभा राहिला. उत्कृष्ट, म्हणजे पडला न्हाई. मी त्याच्याच सावलीत चहा पीत बसलो, तर येणारा-जाणारा आधी मेहुण्याला रामराम घालून राह्यला. तो खुर्चीवर पाय पसरून सांगत होता, "दाजीचा मांडव ठीकच आहे, पण कंपनीनं काम दिलं ते माझ्या नावावर."

सून हळूच म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी हा अनुभवसुद्धा प्रस्तावात लिहायचा."

"लिही," मी म्हटलं. "पण त्याचं नाव बारीक अक्षरात."