छातीवरचा बार

बर्फाच्या कारखान्यात तिला सगळे क्रेन म्हणत. आकड्यात अडकवलेली लादी ती अशी ओढायची, की सोबतच्या गड्यांनी नजर दुसरीकडे वळवावी. संध्याकाळी ती थोरल्या भावाच्या जिममध्ये वजनं उचलायची. ती बेंचवर आडवी झाली, की डोक्याशी दादा उभा. वजनाचा बार छातीवर अडकलाच तर धरायला. पोरवयापासून हेच.

मग एकदा जेवताना तिने सांगून टाकलं. परदेशात समलिंगी खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा भरतात, देशोदेशीचे लोक येतात, मी नाव दिलंय. आणि कारखान्यातली ती पॅकिंगवाली माझी नुसती मैत्रीण नाही.

आई ताटावरून उठली.

"आमची अब्रू जगाला दाखवायला चाललीस होय?" दादा म्हणाला. "मेडल आणलंस तर टांगशील कुठे? माझ्या दारावर?"

"नको. मेडलच्या वजनाने तुझं दार मोडायचं."

दुसऱ्या दिवशी दादा जिमच्या काउंटरवरून हललाच नाही. बाकीच्यांनाही त्याने दम भरला होता. सगळे आरशात आपापले दंड बघत राहिले. ती एकटीच आडवी झाली. मागे कुणी नसलं तर बारच्या टोकांना प्लेटा धरून ठेवणाऱ्या क्लिपा लावायच्या नसतात. अडकलं तर बार कलता करून प्लेटा सांडता येतात. पण तिला दादाची सवय. तिने क्लिपा घट्ट बसवल्या होत्या.

तिसऱ्या खेपेला बार छातीवर आला, तो तिथेच बसला.

दादा सावकाश आला. डोक्याशी उभा राहिला, हात खिशात.

"स्पर्धेला जात नाही म्हण. लगेच उचलतो."

श्वास पुरेना. "हात... लावू नकोस."

"मग मर तिथेच. हट्टी मेली."

कुणीतरी फिसकन हसलं. तिने बार पोटाकडे लोटला. बरगड्या रगडत तो खाली सरकला, पोटात कळ उठली, मांड्यांवर आला तशी ती उठून बसली. डोळे लाल, हनुवटीवर लाळ.

"कुठे उभा राहून बघत होतास, ते आईला सांगशील?"

दादाने खिशातला हात काढला, तो दार दाखवायला. "चालती हो. घरीही येऊ नकोस."

ती तशीच पॅकिंगवालीच्या खोलीवर गेली आणि सदरा वर करून म्हणाली, "बरगडी चाचपून बघ गं. मोडली असेल तर आत्ताच सांग. उद्या दुसरी जिम शोधायचीय."