मूळ नमुन्याची कुपी

वर्ध्याजवळच्या एका प्रयोगशाळेत मी सगळी नोकरी बाटल्यांत काढली. गैरसमज नको, जिल्ह्यात दारूबंदी आहे. माझ्या बाटल्यांत जिवंत पेशी असत आणि त्या पेशींवर मी विषाणू वाढवायचो.

त्यातला एक गिरडच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या माकडिणीच्या लाळेतून आलेला. हर्पिस जातीचा, पण तिला त्याचा काही त्रास नव्हता. पुढे ती मेली. विषाणू टिकवायचा तर एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत न्यावा लागतो. जी बाटली जोरात वाढे तीच मी पुढे न्यायचो. रडतखडत वाढणाऱ्या फेकून द्यायचो. मोठा शहाणा ना मी!

माकडिणीकडून आलेला, गोठवून ठेवलेला मूळ नमुना एकदा संपला. डब्यात जागा रिकामी दिसू नये म्हणून मी चालू बाटलीतला विषाणू नव्या कुपीत भरला आणि चिठ्ठी जुनीच लावली. घरी लोणच्याची बरणी आपण अशीच भरतो. काही चुकतंय असं तेव्हा वाटलंही नाही.

मग हिंगणघाटची एक मुलगी पीएच.डी.ला आली. मला काका म्हणायची. तिनं त्या विषाणूची जनुकं तपासली, तर एक मोठा तुकडा जागेवर नव्हताच. शंका नको म्हणून तिनं मूळ नमुन्याची कुपी काढली. तिच्यातही तेच.

"काका, असा विषाणू कुठंच नाई! आपल्याच माकडांत हाये!" ती नाचायचीच बाकी होती. चार वर्षांचा प्रबंध तिनं त्यावर उभा केला.

चौथं वर्ष सरत आलं, तेव्हा कुठं मला उमगलं. बाटलीत विषाणूला माकडाच्या शरीराशी झुंजावं लागत नाही. झुंजायची जनुकं गळून पडलेला विषाणू तिथं उलट भराभर वाढतो, आणि मी वर्षानुवर्षं तोच निवडत आलो होतो. माकडिणीत तो तुकडा असणारच. तो माझ्या हातून गेला होता.

महिनाभर मी मूग गिळून बसलो. शेवटी चहाच्या टपरीवर तिला सगळं सांगितलं.

"आधी काऊन नाई सांगतलं, काका?" एवढंच ती म्हणाली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं की मूळ नमुना खात्रीचा नाही. सर तडकले, "चार वर्षं झोपा काढल्या का? नोंदी कोणी तपासायच्या होत्या?" मी तिथंच उभा होतो. निवृत्तीला आठ महिने होते. तिनं माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. अरे, एक वाक्य तर बोलायचं होतं!

नवा नमुना घ्यायला ती माकडीण उरली नव्हती आणि मुलीची मुदतही संपत आलेली. प्रबंध अर्धवट टाकून ती निघाली. बॅग चढवून द्यायला मी बसस्टँडवर गेलो. उद्या सरांना सांगून टाकतो, असं म्हणायचं मनात होतं. तेवढ्यात खिडकीतून तीच म्हणाली, "आता सरांले काही सांगू नका, काका. उगाच तुमच्यावर येईन."

मी "बरं" म्हटलं. बस निघाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून जात नाही.