गाडी आली का, आणि देव आहे का

वकिलांकडे टायपिंग करणाऱ्या बाईला वादाचं काही कौतुक उरत नाही. पण आमच्या गाडीच्या ग्रुपवर तीन वर्षांत जे साचलंय, ते आमच्या साहेबांच्या कुठल्याही फायलीत सापडायचं नाही. मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न, "मोकल सरांचं काय नवीन?" आणि जाळ्यातून एक बोंबील ओढावा तर त्याला अडकून चार यावेत, तसं माझं होतं. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर बाकीचे आपोआप येतात.

ग्रुपचं नाव "सातची गाडी". ॲडमिन मी. मुरुडहून सुटणारी एसटी सातच्या सुमारास रेवदंड्याला येते आणि आम्हाला अलिबागला नेते. हमीदभाई मुरुडला चढतात. अलिबागला त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. त्यांनी "निघाली" असं लिहायचं, आम्ही चहा संपवून स्टँडवर यायचं. ग्रुप एवढ्यासाठीच काढला होता.

एका सोमवारी मोकल सरांनी लिहिलं, "देवाच्या कृपेने आज गाडी वेळेवर." त्याखाली अरविंदने लिहिलं, "आणि शनिवारी पंक्चर झाली ती कोणाच्या कृपेने?"

मोकल सर अलिबागच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. अरविंद त्यांचाच जुना विद्यार्थी, आता विम्याच्या ऑफिसात आहे. त्याचे वडील रेवदंड्यातल्या एका लहानशा देवळाचे पुजारी. म्हणजे विज्ञानाचे सर देवाच्या बाजूने आणि पुजाऱ्यांचा मुलगा विरुद्ध पार्टीत. त्या दिवसापासून गाडी कुठे पोचली ते बघायला पन्नास मेसेज वर सरकवावे लागतात.

*

गंमत म्हणजे हे दोघे एकाच बाकावर बसतात. खिडकीशी सर, बाजूला अरविंद. जागा ठरलेली. पण तोंडाने अवाक्षर नाही. दोघेही मान खाली घालून लिहिणार, पाठवणार, आणि शेजारच्याच्या फोनचा आवाज आला की समोर बघत बसणार.

नवीन कंडक्टरबाईंनी दोन दिवस हे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "या दोघांचं काही वाजलंय का?"

मी म्हटलं, "नाही हो. गप्पा चालल्यात."

*

सरांची एक खोड आहे. देव म्हणजे काय, हे ते रोज नवीन सांगतात. सोमवारी देव देवळात होता. अरविंदने दोन प्रश्न विचारले, तर मंगळवारी देव ही एक ऊर्जा झाली. ऊर्जा मोजायची कशी, असं विचारल्यावर बुधवारी देव म्हणजे निसर्गाचे नियम. गुरुवारी देव म्हणजे आईची माया. आता आईच्या मायेच्या विरुद्ध कोण बोलणार? खाली सोळा जणांनी हात जोडले.

अरविंदने फक्त एवढंच लिहिलं, "सर, उद्या शुक्रवार आहे. आधीच कळवा, म्हणजे तयारी करून येतो."

*

पण अरविंदही काही साधा नाही. त्याचं अस्त्र एकच, पुरावा द्या. सरांनी आपल्या बहिणीचं आजारपण नवसाने बरं झाल्याचं लिहिलं. तो म्हणाला, एका उदाहरणाने काय होतं? सरांनी तीन दिली. तर म्हणाला, ओळखीच्या लोकांची चालत नाहीत. सरांनी बिचाऱ्यांनी कुठून तरी पनवेलचा एक अनोळखी माणूस शोधून आणला. त्यावर अरविंद लिहितो, अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

आमच्या गाडीला लताताई असतात. मासळीची टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात जातात. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून आवाजच पाठवतात. त्यांचा मेसेज आला, "ओलखीचा नको, बिनओलखीचा नको, मंग मानूस आणायचा कुठून? माज्याकडं पन अशी गिऱ्हाइकं हायत. घ्यायचं न्हाय ठरवून येतात, आनि मासा उलटापालटा करून बगत बसतात."



*

हमीदभाईंचा किस्सा निराळाच. अरविंदने कुठल्या जत्रेबद्दल, कुठल्या बुवाबद्दल काही लिहिलं की सरांचं उत्तर ठरलेलं, "हमीदभाईंच्या धर्माबद्दल असं लिहायची हिंमत आहे का?" मग अरविंद हमीदभाईंच्या धर्मातलं काहीतरी काढणार. लगेच सर म्हणणार, "बघा हमीदभाई, हा तुमच्याबद्दल काय बोलतोय." म्हणजे प्रश्न सरांना विचारलेला, आणि पेच हमीदभाईंना.

हमीदभाई "निघाली" याशिवाय कधी काही लिहीत नसत. एकदा मात्र त्यांनी लिहिलं, "तुम्ही दोघं माझ्या नावाने रोज भांडता. आता मी काय बोललो तेही तुम्हीच ठरवून लिहा. मी सही करीन."

खाली लगेच दुसरा मेसेज, "गाडी कोर्लईला आली."

*

मग लिंकवरून एक नवा नंबर ग्रुपवर आला. नाव "निसर्गपुत्र". हा कुठे चढतो, कुठे उतरतो, कोणाला माहीत नाही. पण अरविंदने काही लिहिलं की मिनिटभरात त्याची शाबासकी, "अगदी मुद्देसूद. सरांकडे उत्तर नाही." सर अस्वस्थ झाले. आतापर्यंत समोर एकटा होता, आता दोन झाले.

लताताईंनी आठ दिवस सहन केलं आणि एके सकाळी भर गाडीत त्या नंबरला फोनच लावला. फोन वाजला अरविंदच्या डब्याच्या पिशवीत.

सगळी गाडी वळून बघायला लागली. अरविंदचे कान लाल. काय करावं सुचेना म्हणून त्याने तो बाहेर काढून उचलला आणि बारीक आवाजात "हॅलो" म्हणाला.

शेजारून सर बोलले. कित्येक आठवड्यांत त्यांनी त्याच्याशी तोंडाने बोललेले पहिले शब्द. "राँग नंबर म्हण."

*

हे सगळं मी एकदा आमच्या साहेबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून अर्धा तास वाचलं आणि फोन परत देत म्हणाले, "दोन्ही पक्षकार उत्तम आहेत. निकालात कोणालाच रस नाही."

*

पुढचं सांगताना मात्र मला हसू येत नाही.

गेल्या श्रावणात नैवेद्यावरून वाद चालला होता. सरांकडचे मुद्दे संपले होते, आणि मुद्दे संपले की माणूस समोरच्याच्या घरावर घसरतो. त्यांनी लिहिलं, "ज्या देवाच्या नैवेद्यावर तुझ्या बापाने तुला वाढवलं, त्यालाच शिव्या घालतोस."

दोन मिनिटांनी ग्रुपवर दिसलं, अरविंद बाहेर पडला. मी सरांना फोन करून मेसेज काढायला लावला. त्यांनी काढलाही. पण अरविंदने वाचायचा तो वाचला होता.

दुसऱ्या दिवसापासून अरविंद मागच्या बाकावर. सरांच्या शेजारची जागा रिकामी, आणि त्यावर कोणी बसतही नव्हतं. सर फोन खिशात ठेवून खाडीकडे बघत बसायचे. मला वाटत होतं की एकदा मागे वळून बघतील. बघितलं नाही त्यांनी.

चार-पाच दिवसांनी लताताई माझ्याजवळ येऊन बसल्या. अरविंदच्या शेजारच्या आळीत त्यांचं घर. म्हणाल्या, त्याचे वडील पडलेत, मांडीचं हाड मोडलंय, महिना होत आला. पूजेला दुसरं कोणी नाही, आणि देवाची पूजा झाल्याशिवाय म्हातारा तोंडात घास घेत नाही. म्हणून अरविंद रोज पहाटे उठून विहिरीवर अंघोळ करतो, देऊळ उघडतो, सगळी पूजा करतो, वडिलांना भरवतो आणि मग गाडीला येतो. कोणाला सांगू नका म्हणालाय.

लताताईंचा हळू आवाजही दोन बाकं ऐकू जातो. सर पुढच्याच बाकावर होते.

ते चौलपर्यंत तसेच बसून राहिले. मग उठले, दांडी धरत धरत मागे गेले आणि अरविंदच्या शेजारी बसले. काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा आपल्या जागेवर होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या गाडीत एक पेंडसे म्हणून आहेत. ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत, पण एकेक वाद जपून ठेवतात आणि दुसऱ्या ग्रुपवर पाठवून मजा बघतात. त्या दिवशी अरविंदला उशीर झाला होता. धावत गाडी पकडली, केस ओले, आणि घाईत पुसायचं राहिलेलं चंदनाचं बोट कपाळावर. पेंडशांनी ते पाहिलं. फोन हातात धरून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय अरविंदराव, आज कपाळाला गंध?"

अरविंद खाली बघायला लागला.

सर खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "डुलकी लागली की याचं डोकं माझ्या डोक्यावर आपटतं. माझं गंध लागलं असेल त्याला."

पेंडसे सरांकडे बघत राहिले. आम्हीही बघितलं. सरांचं कपाळ कोरं होतं.