टोचन लागलं तर गाडी विकायची

पेट्रोलच्या गाडीला किस्से नसतात. टाकी भरली, निघालो, पोचलो, यात सांगण्यासारखं काय असणार? विजेची गाडी घेऊन बघा, आठवड्याला एक किस्सा आपल्या पायांनी चालत घरी येतो. माझ्याकडे दीड वर्षाचे साठलेत. अलिबागच्या आमच्या ऑफिसात कुणी नवीन बदलून आलं की म्हात्रे त्याला माझ्या टेबलापाशी आणून बसवतात. "राऊत मॅडम, यांना उंदराचा सांगा."

म्हात्रे आमचे शिपाई, माझ्यासारखेच नागावचे. टायपिस्ट गीता नाखवा वाटेत अक्षीला चढते. आम्ही तिघं रोज माझ्या गाडीतून ऑफिसला जातो.

गाडी चालवायला मी एक्कावन्नाव्या वर्षी शिकले. तोवर सव्वीस वर्षं एसटीच्या थांब्यावर, नाहीतर कुणाच्या तरी स्कूटरच्या मागे. म्हणून गाडी घेतली ती माझ्या नावावर, माझ्या पसंतीची आणि विजेची. आमच्या ह्यांना ती पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. हे रिटायर्ड मास्तर, आता नारळी-सुपारीची वाडी बघतात. बंद गाडीला दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढत आणणं म्हणजे टोचन. ह्यांनी तेवढी एकच अट घातली. "एकदा जरी टोचन लावून घरी आणावी लागली, तर दुसऱ्या दिवशी विकायची."

मी म्हटलं, "चालेल." मनात म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, ही गाडी मी जाऊ देणार नाही.

* * *

एका चार्जवर गाडी किती जाईल तो रेंजचा आकडा हा एक स्वतंत्र प्राणी आहे. कंपनीच्या कागदावर अडीचशे किलोमीटर, स्क्रीनवर दोनशे दहा, आणि प्रत्यक्षात पावणेदोनशेला घाम फुटतो.

पहिल्या महिन्यात ऑफिसच्या कामाने पेणला निघालो. कार्लेखिंड चढायला लागलो तसा आकडा भराभर खाली यायला लागला. एकशे ऐंशी, एकशे सत्तर, एकशे साठ. शेजारच्या सीटवर म्हात्रे मारुतीस्तोत्र पुटपुटायला लागले. माथा ओलांडून गाडी उताराला लागली आणि आकडा हळूहळू पुन्हा वर चढू लागला. उतारावर बॅटरी थोडी भरते, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

म्हात्र्यांनी बोटांवर हिशोब केला. पोयनाडला म्हणाले, "मॅडम, मंग आपन परत वर जाऊन आनखी एकदा उतरूया का?"

* * *

आता तो उंदराचा. एका सकाळी गाडी सुरूच होईना. स्क्रीनवर लाल-पिवळी अक्षरं, आणि हे ओटीवर चहा पीत बसलेले. "लावायचं का टोचन?" इतक्या गोड आवाजात विचारलं की मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं तर आत सुपारीच्या सालींचं घरटं, आणि एक वायर कुरतडलेली. वायर जोडली, गाडी अंगणातच सुरू झाली. टोचन काही लागलं नाही.

पण उंदराचा बंदोबस्त करायलाच हवा होता. गीता म्हणाली, "मॅडम, मांजर पाळा. मी आणून देते." दुसऱ्या दिवशी पिशवीतून खरंच एक मांजर घेऊन आली, चांगली धष्टपुष्ट.

मांजर पंधरा दिवस आमच्याकडे राहिली. बॉनेटवर झोपायची. समोरून उंदीर गेला की मान वळवून घ्यायची.

मी गीताला म्हटलं, "अगं, ही उंदराला हातसुद्धा लावत नाही."

गीताला माझ्याच अकलेचं नवल वाटलं. "कशी लावेल? अक्षीची हाय ती. सकाळी बोट लागली की ताजी मांदेली खाऊन वाढलीय."

* * *

मग पहिला दसरा. ऑफिसच्या आवारात म्हात्र्यांनी सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली. माझ्या गाडीची पूजा त्यांनी जास्त मनापासून केली, कारण तिच्यात ते स्वतः बसतात.

संध्याकाळी घरी चार्जरची पिन लावली तर गाडी चार्जच होईना. तीनदा लावली, तीनदा काढली. हे खिडकीत उभे. शेवटी टॉर्च मारून बघितलं तर चार्जिंगच्या सॉकेटच्या प्रत्येक भोकात हळद, कुंकू आणि दोन-दोन अक्षता!

जुन्या टूथब्रशने तास-दीड तास सॉकेट साफ करत बसले. फोन करून म्हात्र्यांना चांगलं झापलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, देवाला नैवेद्य तोंडाशीच दावतात ना? गाडीचं तोंड तेच हाय."

* * *

सर्व्हिसिंगला पनवेलला जायचं होतं. म्हात्र्यांनी त्यासाठी रजा टाकली. आतून काय निघतं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. काचेआड अडीच तास उभे राहिले. मेकॅनिक बाहेर आला आणि म्हणाला, "सगळं ओके. ऑइल वगैरे यात नसतंच. वायपरचं पाणी भरलंय."

परतीच्या वाटेवर पेण गेल्यावर म्हात्रे म्हणाले, "रजा मी फुकट घालवली. पानी तर मी पन भरलं असतं."

* * *

गेल्या माघातल्या गणेशजयंतीला पालीला जायचं ठरलं. सुट्टी होती. आदल्या रात्री नागावची लाइट गेलेली, त्यामुळे निघताना बॅटरी ऐंशी टक्के. मी हिशोब केला, परत येताना वडखळच्या हॉटेलात अर्धा तास चार्ज केलं की झालं.

दर्शन छान झालं. पालीपर्यंत आलोच आहोत तर म्हात्र्यांचे गुडघे उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून घ्यावेत, असं गीताने सुचवलं. तेही केलं. मग वडखळला आलो तर चार्जरवर कागद चिकटवलेला, "बंद आहे".

स्क्रीनवर सतरा टक्के होते. घर एकतीस किलोमीटरवर, आणि मध्ये कार्लेखिंड. गाणी बंद केली आणि पायाखाली अंडं ठेवल्यासारखी गाडी हाकायला लागले.

अलिबागला पोचलो तेव्हा चार टक्के. तिथल्या चार्जरवर पर्यटकांच्या चार गाड्या रांगेत. स्क्रीन म्हणत होता नऊ किलोमीटर, घर आठावर. मी म्हटलं, "जायचं."

म्हात्रे म्हणाले, "मॅडम, मी उतरतो. तेवढंच वजन कमी."

"बसा गप."

अक्षीला गीताचं घर आलं. ती उतरेना. म्हणाली, "शेवट बघितल्याशिवाय मी न्हाय उतरायची."

नागावला वळलो. एक टक्का. मग शून्य. शून्यावरही गाडी तीनशे मीटर गेली आणि किराणा दुकानासमोर शांतपणे उभी राहिली. आमचं घर तिथून अर्ध्या किलोमीटरवर.

मागून ट्रॅक्टर येत होता. चालक ओळखीचा, थांबला. "काकू, दोर हाय माझ्याकडं. बांधू?"

म्हात्रे आणि गीता माझ्याकडे बघत होते. दोघांनाही ती अट माहीत होती. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. डोळे भरून आले होते, पण म्हटलं, "नको. रात्रभर इथंच बसेन, पण दोर नको."

एवढ्यात समोरून आमची स्कूटर आली. हे. खांद्यावर वाडीतल्या पंपाच्या वायरचं भलंमोठं वेटोळं, आणि पायाशी पिशवीत माझा घरचा चार्जर.

ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "तू जा रे बाबा. इथे काही झालेलं नाही." दुकानदाराला विचारून त्यांनी आतल्या सॉकेटला वायर लावली, रस्त्यापर्यंत ओढत आणली आणि पिन गाडीत घातली. स्क्रीनवर हिरवा दिवा लागला.

गीताला राहवेना. "सर, तुम्हाला कसं कळलं?"

ह्यांनी खिशातून फोन काढला. त्यावर माझ्याच गाडीचं ॲप उघडं होतं, गाडी कुठे आहे तो नकाशा आणि बॅटरीचा आकडा दाखवणारं.

"पालीला एक्केचाळीस टक्के होते," हे म्हणाले. "उन्हेऱ्याला कशाला गेलात? वडखळला सतरा झाले, तरी तुम्ही थांबला नाहीत. खिंडीच्या माथ्यावर आठ. उतरल्यावर नऊ झाले, तेव्हा जरा खाली बसलो. अलिबागला चार बघितले आणि पंपाची वायर सोडायला घेतली."