सुमन सिस्टर: खेचायचं नाही, सोडवायचं

किसनवर अन्याय झाला तो नवव्या महिन्यात, गोवराच्या लसीच्या दिवशी सकाळी, जामसरपलीकडच्या एका पाड्यावर. नाव बदललंय, बाकी काही नाही. तपासणाऱ्याने चड्डी न काढताच कार्डावर ‘सर्व ठीक’ लिहिलं. किसनची उजवी गोटी पिशवीत उतरलेलीच नव्हती. ती चड्डी काढायला पुढे तीन वर्षं गेली, आणि काढली ती सुमन सिस्टरने.

सिस्टर मोखाड्याकडच्या पाड्यावर जन्मलेली. अख्खी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देण्यात गेली. सुट्टीला माझ्याबरोबर पाडे फिरायची. घरात शिरली की आधी चुलीपाशी बसून तळहात शेकायची. पहिल्यांदा मला वाटलं, बाईला चहा हवाय. तसं नव्हतं. गार हात लागला की गोटी आपोआप वर चढते आणि धडधाकट पोरही आजारी ठरतं. “गार हातानं तपासणारा आणि न तपासणारा, एकाच माळेचे मणी,” ती म्हणायची.

मी तेव्हा पाड्यांवर आरोग्याची पत्रकं वाटायचो. त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘अनवतीर्ण वृषण’ छापलं होतं. सिस्टरने चष्मा वर करून ते वाचलं. “हे कोणासाठी रे? तुझ्या कॉलेजच्या सरांसाठी?” पुढच्या पत्रकात ‘गोटी’ आली. एका गुरुजींनी ते अश्लील म्हणून फाडलं. मला अजून राग आहे.

किसनच्या बापाची भीती वेगळीच होती. गोऱ्हे खच्ची करताना त्याने कितीदा त्यांचे पाय धरलेले. ‘तिथं’ हत्यार लागतं ते कशासाठी, हे त्याला पुरतं माहीत होतं. शिवाय नागली कापून झाली की सगळं घर वीटभट्टीवर निघणार, मुकादमाला शब्द गेलेला.

“सिस्टर, पोर हाय तो. बैल नाय,” तो म्हणाला.

सिस्टर चिडली नाही. दोरीवर वाळणारी एक चड्डी तिने उतरवली, नाडीचं टोक नेफ्यात आत ढकललं आणि ती बापाच्या हातात दिली. काढ म्हणाली. त्याने नखाने ओढून पाहिलं; शिवण उसवायला लागली. मग तिने कापड हळूहळू मागे सारत टोक बाहेर आणलं.

“खेचायचं नाय, सोडवायचं. डॉक्टर हेच करतात, दादा. कापून टाकत नाय काही.”

मग तिने पायरी पायरीने सांगितलं. जांघेत लहानसा छेद घ्यायचा. गोटीला वर धरून ठेवणारे पदर एकेक करून सोडवायचे, रक्ताच्या आणि बीजाच्या नळ्यांना, म्हणजे गोटीच्या दोरीला, धक्का न लावता. सोबत बहुतेकदा हर्नियाची पिशवी असते, ती वेगळी करून बांधायची. दोरी पुरेशी लांबली की खाली पिशवीच्या कातडीखाली कप्पा करून गोटी त्यात बसवायची. ताणून बसवली तर रक्त अडतं, गोटी सुकते. हाताला लागतच नसेल तर पोटात दुर्बीण घालून शोधतात. दोरी फारच आखूड असेल तर काम दोन खेपांत. किसनची जांघेतच लागत होती.

आईने विचारलं, “आनी ऱ्हाऊ दिली तर?”

“तर पोटातल्या उष्णतेनं ती तिथंच मरते, बाय. पुढं कॅन्सरच्या गाठीचाही धोका. चाकू न लावता खच्ची.”

बापाने मान खाली घातली. मग विचारलं, कधी आणू?

तारीख मिळाली ती नेमकी भट्टीच्या दिवसांतली. सिस्टर सर्जनसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, तेव्हा पाड्यावर फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री असतात, कोणाचं ऑपरेशन करणार? तारीख अलीकडे आली; भाताची लावणी आटोपताच किसन टेबलावर होता.

भट्टीवरून परतल्यावर तपासलं. गोटी जागेवर होती, पण डावीपेक्षा लहान. पहिल्या वर्ष-दीड वर्षात केलं असतं तर जास्त वाचली असती, सर्जन सरळ म्हणाले. किसनला त्याचं काही नव्हतं. तो शेळीमागे पळत होता.

सिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणाला उठली आणि दोनच वाक्यं बोलली. “मला शाल दिलीत. पोरांना तारखा द्या.”

आता तुम्ही. घरात मुलगा असेल तर आज अंघोळीच्या वेळी बघा. दोन्हींपैकी एक जरी गोटी पिशवीत हाताला लागत नसेल आणि पोर सहा महिन्यांपलीकडचं असेल, तर लाज गिळा, सर्जनकडे न्या आणि भट्टीआधीची तारीख मागा. मिळेपर्यंत दारातून हलू नका.