मिस सगडेनच्या गाडीचा बाण

आमच्या नॉर्मनला कुणी गुणी म्हटलं की मला हसू येतं. माणूस चांगला आहे हो, पण डोकं म्हणजे निव्वळ दगड. यॉर्कशायरच्या या आमच्या गावात पन्नास वर्षं त्याने गाड्यांच्या वायरी जोडल्या, आणि पन्नास वर्षांत एकदाही 'चुकलं माझं' म्हणाला नाही. आमच्या लग्नाला वीस मिनिटं उशिरा आला, तेव्हासुद्धा म्हणे चर्चचं घड्याळच पुढे होतं!

आता निवृत्त झालाय, पण दिवसभर मागच्या शेडमध्येच असतो. जेवायला तीनदा हाक मारावी लागते.

फेब्रुवारीत एका सकाळी मिस सगडेन त्याच्याकडे आल्या. वय एक्याऐंशी, हातमोजे पांढरे, पाठ ताठ. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी घरोघर जाऊन पियानो शिकवलाय. मलाही शिकवायला घेतला होता, पण दोन महिन्यांत त्यांनीच हात टेकले. त्यांची गाडी म्हणजे सत्तावन्न सालची करडी मॉरिस मायनर, वडिलांनी नवी कोरी घेतलेली.

त्या काळच्या या गाडीला वळताना लुकलुकणारे दिवे नसतात. दोन्ही बाजूंना दाराच्या मागच्या खांबात वीतभर लांबीचा बाण दडलेला असतो. बटण फिरवलं की तो आडवा बाहेर येतो आणि त्याच्या पोटात नारिंगी दिवा मिणमिणतो. येतो म्हणजे आला तर आला! मिस सगडेनच्या गाडीचा उजवा बाण कायम अडकायचा. मग त्या मूठ वळून खांबाला एक गुद्दा हाणायच्या आणि बाण दचकून बाहेर पडायचा. जुन्या गाड्या चालवणारे सगळेच असे गुद्दे घालतात.

पण आदल्या आठवड्यात माळावरच्या रस्त्याला मागून येणाऱ्या दुधाच्या टँकरला तो बाण दिसलाच नाही. अगदी घासून गेला मेला. त्यांच्या भाच्याने, क्लाइव्हने, बजावलं होतं, "आत्या, महिनाअखेर दिवे नीट झाले नाहीत, तर किल्ल्या माझ्याकडे द्यायच्या."

"नॉर्मन, लुकलुकणारे दिवे बसवून द्या," मिस सगडेन म्हणाल्या. "पण गाडी होती तशीच दिसली पाहिजे. बाहेर एक नवा स्क्रूसुद्धा दिसता कामा नये."

"का? प्रदर्शनात मांडायचीय का?" नॉर्मन म्हणाला. मी त्याच्यावर डोळे वटारले.

"आयव्हीसाठी," त्या म्हणाल्या.

आयव्ही ही त्यांची थोरली बहीण. दोघींनी लग्नं केली नाहीत, जन्मभर एका घरात राहिल्या. मिस सगडेन शिकवण्या आटोपून आल्या की आयव्ही खिडकीतून गाडी बघायची आणि किटली चुलीवर ठेवायची. दोन वर्षं झाली, आयव्ही माळापलीकडच्या वृद्धाश्रमात आहे. नावं विसरली, चेहरे विसरली. तरी चारला खिडकीत बसते, आणि मॉरिस फाटकात वळताना दिसली की म्हणते, "विनी आली. किटली ठेवते." मग तासभर तिला बहीण ओळखू येते. मिस सगडेन बसने गेल्या तर विचारते, "आपण कुणाकडे आलात?"

नॉर्मनने टोपी सारखी केली आणि गाडी शेडमध्ये घेतली.

सहा दिवस खपला बिचारा. पुढच्या छोट्या दिव्यांच्या काचेआड नारिंगी एलईडी दडवले, मागच्या लाल काचांमागेही तेच. बाणाच्या पोटातसुद्धा एलईडीची बारीक पट्टी सरकवली. पहिल्यांदा बटण फिरवलं तेव्हा एकही पेटेना. दिवे पाठवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, आणि मग साहेबांना आठवलं की या जुन्या गाड्यांत बॅटरीची टोकं आजच्या गाड्यांच्या उलट जोडलेली असतात, आणि उलट जोडणीवर एलईडी पेटत नाहीत. हे त्यानेच सगळ्या गावाला शिकवलं होतं! "वायरींचे रंगच फसवे," असं म्हणून मोकळा झाला. मी चहा ठेवून निघून आले.

सातव्या दिवशी गाडी बाहेर काढली. बघायला जशीच्या तशी, आणि बटण फिरवलं की उन्हातसुद्धा डोळ्यांत भरेल असा लखलखाट. क्लाइव्ह गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "मानलं तुम्हाला. किल्ल्या आत्याकडेच राहू देत." नॉर्मनची छाती अशी फुगली, की बटणं तुटतात की काय.

त्या दुपारी मिस सगडेनबरोबर मीही गेले. वृद्धाश्रमाचं फाटक आलं, त्यांनी बटण फिरवलं, दिवे लुकलुकले, बाण झोकात बाहेर आला. त्यांची मूठ सवयीने वर गेली होती, ती तशीच हवेत राहिली. खिडकीत आयव्ही बसली होती. तिने बघितलं आणि मान फिरवली.

आत गेल्यावर तिने आदबीने विचारलं, "आपण कुणाकडे आलात?"

परत आलो. मला घराशी सोडताना मिस सगडेन एवढंच म्हणाल्या, "नॉर्मनला सांगू नकोस, डोरीन. त्यांनी फार मेहनत घेतलीय."

मी कसली गप्प बसते! घरी येऊन सांगितलं. नॉर्मन म्हणाला, उजेड जास्त झाला. मंद केला. दुसऱ्या दिवशीही आयव्हीने ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नॉर्मनने जेवण टाकलं. त्याच्या लाडक्या आंबटगोड रूबार्ब पाईला नाही म्हणाला, म्हणजे बघा.

चौथ्या सकाळी अंड्यावर चमचा आपटताना माझ्या डोक्यात उजाडलं.

"नॉर्मन! गुद्दा!"

"कुणाला?"

"अरे, खांबाला! तू बाणाला तेल घातलंस ना?"

"घातलं. बिजागरीही घासली. लोण्यासारखा चालतो."

"तिथेच घोडं पेंड खातंय. आयव्ही दिवा बघतच नव्हती. गाडी वळते, बाण येत नाही, विनी गुद्दा घालते, मग बाण येतो. साठ वर्षं तिने हे बघितलंय."

नॉर्मन लालबुंद झाला. "म्हणजे चांगलं केलेलं काम मी हाताने बिघडवू? या जन्मात केलं नाही तसलं!"

"मग बस तसाच," मी म्हटलं.

अर्ध्या तासाने शेडमधून ठोकाठोक ऐकू आली. दिव्यांना त्याने हात लावला नाही, ते स्वतंत्रच पेटत होते. फक्त उजव्या बाणाच्या खाचेत बनातीचा लोकरी तुकडा चिकटवला. मग गुद्दे घालून बघत बसला. कमी अडकला तर जाड तुकडा, जास्त अडकला तर पातळ. इतक्या काळजीने त्याने आयुष्यात काही दुरुस्त केलं नसेल.

चारला आम्ही तिघं गेलो. फाटक आलं. मागचे-पुढचे दिवे लुकलुकायला लागले, बाण काही हलेना. मिस सगडेननी दात-ओठ खाऊन खांबाला गुद्दा हाणला. बाण दचकून बाहेर पडला.

खिडकीत आयव्हीने मूठ वळली आणि चौकटीवर हाणली.

आम्ही आत गेलो तेव्हा ती खुर्चीतून उठायच्या खटपटीत होती. "आलीस, विनी? किटली ठेवते. आणि तो बाण एकदा दुरुस्त करून घे ना गं! इतकी वर्षं झाली, कुणाला जमत कसं नाही?"

नॉर्मनने टोपी काढून हातात धरली.

"मीच केला होता, बाई," तो म्हणाला. "चुकलं माझं."